बाबा, त्या पोरांचं डिपॉझिट देऊन टाका

ती. आई-बाबा,
सा. न.

काल आईने फोनवर सगळं सांगितलं, वरच्या मजल्यावरचे दोघं पुढच्या महिन्यात खोली सोडतो म्हणाले आणि बाबा तापलेत, अकरा महिने झाल्याशिवाय हलता येणार नाही, डिपॉझिट विसरा म्हणून. बाबा रागावू नका पण असं नाही होत हो.

तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला करार मी नीट वाचला. त्यात लॉक-इन, म्हणजे अमुक महिने खोली सोडायचीच नाही अशी अट, कुठेच नाही, उलट सातव्या मुद्द्यात स्वच्छ लिहिलंय की दोघांपैकी कुणीही एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवू शकतो. त्यांनी नोटीस लेखी दिली, तारीख टाकून. मग अकरा महिने अडवून धरायचं कशाच्या जोरावर? नोटीस न देता गेले असते तर एक महिन्याचं भाडं कापा म्हणाले असते मीच.

दुसरं म्हणजे आपलाच पाय अडकलाय. करार पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरी केलेला, रजिस्टर नाही. अकरा महिन्यांचा असला की रजिस्टर करावा लागत नाही हे आपल्या पेठेत सगळेच म्हणतात, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा आपल्यासारखा करार, असला तरी रजिस्टर करावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची. नाही केला तर ५ हजारांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच धरतात, आपण उलटं सिद्ध करेपर्यंत. हजार रुपये रजिस्ट्रेशन फी वाचवायला गेलो आपण!

आणि पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करतो वगैरे बोललात म्हणे? ते बिलकूल करू नका, भाडेकरूचं पाणी-लाईट असं तोडता येत नाही, त्याच कायद्यात कलम २९ आहे.

खरं सांगू का, ते ओलीमुळेच चाललेत. दिवाळीत आले तेव्हा बघितलं होतं मी, कपाटामागे हिरवा डाग वर छतापर्यंत गेलाय, बोट लावलं की पोपडा हातात येतो, आणि त्यांचं लहान बाळ त्याच खोलीत झोपतं. कोल्हापूरचा पाऊस आहे, ओल येणारच, हे तुमचं म्हणणं मान्य, पण मग गच्चीचं वॉटरप्रूफिंग त्यांनी करायचं का आपण?

तेव्हा बाबा, लाईटबिल तेवढं वळतं करा, बाकी डिपॉझिट चावी घेताना द्या, शक्यतो बँकेतून, आणि सहीची पोच घ्या. रंगाचे पैसे कापू नका, भिंत त्यांनी नाही खराब केली. आई, तू जरा समजाव, तुझं ऐकतात. नवीन भाडेकरू बघायच्या आधी गवंड्याला बोलवा आणि पुढचा करार मी इथून ऑनलाईन रजिस्टर करून देते, तुमची दोघांची आधार-पॅन कार्डं फोटो काढून पाठवून ठेवा.

तुमची,
ताई