नानांच्या रागाला उत्तर

लॉस एंजेलिस
२७ जानेवारी २०१९

ती. नाना आणि सौ. आईस सा. न.

मी मजेत आहे. मी इथल्या शिक्षकांच्या संपात उतरले हे ऐकून फोनवर नाना चिडले आणि एकदम गप्पच झाले, म्हणून लिहून पाठवते. दादाने वाचून दाखवावं, मधलं काही न गाळता.

नोकरी शाबूत आहे. मंगळवारी समझोता झाला, बुधवारी वर्ग सुरू झाले. संपात उतरल्याने व्हिसा जात नाही, हे मी आधीच युनियनच्या वकिलाला विचारून घेतलं होतं. "परक्या देशात कसले झेंडे नाचवतेस?" म्हणालात. १९७७ च्या सरकारी कर्मचारी नि शिक्षकांच्या ५४ दिवसांच्या संपात तुम्ही होतात, तेव्हा आजोबाही असंच काही बोलले असणार. आमचा तर शाळेचे सहाच दिवस चालला.

धरणं म्हणजे आपल्याकडे सतरंजी टाकून बसणं. इथे बसायचं नाही. लाल शर्ट घालून उजाडायच्या आत शाळेच्या फाटकासमोर जमायचं, हातात फलक धरायचा आणि फुटपाथवर नुसतं गोल गोल चालायचं. थांबलं की मागचा ढोसतो. ह्या रिंगणाला पिकेट लाइन म्हणतात. ती ओलांडून आत जाणं फार वाईट समजतात. कुणी हात धरून अडवत नाही, घेराव नाही, तरी सामानाचा ट्रक घेऊन आलेला माणूस ती बघून परत फिरला. पाठिंबा असेल त्याने जाताना हॉर्न वाजवायचा, अशी रीत. सकाळभर कान किटतात. पाऊस होता, पण आई, माझ्याकडे चांगला रेनकोट आहे.

नुसत्या पगारासाठी असतं तर मी तुमचं ऐकलं असतं. सहा टक्के वाढ द्यायला ते संपाआधीच तयार होते. भांडण होतं वर्गातल्या गर्दीचं, नर्सचं, ग्रंथपालाचं. इथल्या सरकारी शाळांत चारांतली जवळपास तीन मुलं लॅटिनो, बरीचशी गरिबाघरची. आमच्याकडे नर्स आठवड्यातून एकदा यायची. एरवी कुणाला धाप लागली की ऑफिसातली क्लार्क कपाटात पंप शोधत बसणार. माझ्या बीजगणिताच्या वर्गात ४१ पोरं आहेत. तुमच्या वर्गात साठ असत, ठाऊक आहे.

एका मुलीची आजी रोज चंपुराडोचं पातेलं घेऊन यायची. मक्याचं पीठ आणि चॉकलेट घालून उकळलेलं दाट पेय असतं ते. सोबत तमाले, आपल्या पातोळ्यांसारखे पानात वाफवलेले, पण तिखट. माझ्यासाठी बिनमांसाचे वेगळे, वर दोरा बांधून खूण केलेले. १९६८ साली ती इथेच शिकत होती. स्पॅनिश बोललं की मार बसे, म्हणाली. त्या मार्चमध्ये हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली, त्यांत तीही. लिंकन हायस्कूलचे साल कॅस्ट्रो नावाचे मास्तर मुलांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांना अटक झाली, वर्गावरून काढलं. मग लोकांनी शिक्षण मंडळाच्या सभागृहात ठिय्या दिला, तेव्हा परत घेतलं. आता त्यांच्या नावाची शाळा आहे. नाना, हे मुद्दाम तुमच्यासाठी लिहिलंय.

मिळालं ते असं: शाळांना पाचही दिवस नर्स, मोठ्या मुलांच्या शाळांना ग्रंथपाल, आणि बाहेरून आलेल्या कुटुंबांसाठी हेल्पलाइन नि वकील. वर्गातली गर्दी मात्र टप्प्याटप्प्याने, काही वर्षांत कमी होणार. ते मला पटलं नाही, तरी मत होकाराचंच दिलं.

आता पैशांचं. संपाचे दिवस बिनपगारी, त्यामुळे स्लॅबसाठी फेब्रुवारीत निम्मेच पाठवते, बाकीचे मार्चमध्ये. दादाने तेवढ्यासाठी पतपेढीकडे जाऊ नये. त्याच्या लग्नाचं म्हणाल, तर शाळा जूनपर्यंत आहे, मेमध्ये जेमतेम चार दिवस निघतील. हळद चुकेल, लग्नाला नक्की येते. साखरपुड्यालाही नव्हते, तेव्हा वहिनीला जरा समजावून सांगा. तिच्या शालूचे पैसे वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावलेला नाही.

आणि मालवणच्या त्या स्थळाला माझी पत्रिका देण्याआधी मुलगी संप करते हे सांगून टाका. त्यावरही हो म्हणाले तर फोन नंबर पाठवा, मी बोलेन.

तुमची,
शुभा