समुद्र बघून झाला असेल तर विहीर पण बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात रविवारी छोट्या जाहिरातींच्या पानावर हल्ली एक नवीनच प्रकार बघतोय. आधी तिथं सोयाबीनचं बियाणं, जुना ट्रॅक्टर, वधू-वर एवढंच असायचं, आता "बेटावर समुद्राला लागून जुनं कौलारू घर विकणे, त्वरा करा" असलं यायला लागलंय. आता औशात बसून हे कोण वाचणार म्हणाल तर मी वाचलं, नुसतं वाचलं नाही तर जाऊन बघून आलो, म्हणून हे पत्र.

मी एसटीत मेकॅनिक होतो, दोन वर्षांखाली रिटायर झालो. फंडाचे पैसे हातात आले, पोरगं नोकरीला नवी मुंबईत, अन आयुष्यभर टँकरच्या मागं घागरी घेऊन पळालेला माणूस मी, त्यामुळं घराच्या पुढं पाणीच पाणी ही कल्पनाच लय भारी वाटली. आमच्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, पहिल्या खेपेला 10 वॅगन, 5 लाख लिटर, ते बघायला स्टेशनवर जत्रा भरली होती, त्या जत्रेत मी पण होतो. अशा माणसाला समुद्र दाखवला की तो भुलणारच, अन हे एजंट लोकांना बरोबर माहीत आहे.

बेटाचं नाव मुद्दाम देत नाही, घर अजून विकायचं आहे, उगाच कुणाचा सौदा मोडायला नको. रायगड जिल्ह्यात आहे एवढं सांगतो. जेट्टीवरून होडीनं वीस मिनिटं, पण ती भरतीला. आम्ही ओहोटीला पोचलो, होडी धक्क्याला लागेना, मग आई, मी अन पोरगं तिघं गुडघाभर चिखलातून, चपला हातात. आई म्हातारी माणूस. तिनं मागं वळून समुद्राकडं बघितलं अन म्हणली, "एवढं पाणी दिसलालंय अन प्यायला थेंब नाही व्हय रे?" एजंट हसला, पण खरा प्रश्न तोच होता हे मला दुपारी कळलं.

घर छान होतं, खोटं कशाला बोलू. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, पुढं पडवी, मंगलोरी कौलं, पडवीत लाकडी झोपाळा. पण मी भिंत बघितली की आधी तिला हात लावून बघतो. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, किल्लारीचा भूकंप, आमच्याच तालुक्यात. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती अन वर मातीचं माळवद म्हणजे सपाट छत, ते सगळं वजन झोपलेल्या माणसावर आलं. तेव्हापासून जुनं घर बघून "वा काय वाडा आहे" असं माझ्या तोंडून निघत नाही, वर किती वजन आहे अन ते कशावर उभं आहे एवढंच डोक्यात येतं. या घराचं उलटं होतं, भिंती पक्क्या अन वरचं हलकं. पण हलकं म्हणजे वाऱ्याला सोपं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा निम्मी कौलं उडाली, तिथं आता पत्रा आहे, अन मागच्या वाडीतली सुपारीची झाडं जी मोडली ती मोडलीच.

मागं एक स्लॅबची खोली वाढवलेली होती, एजंट तिलाच "न्यू कन्स्ट्रक्शन" म्हणत होता. आत गेलो, वर बघितलं, सळया फुगून सिमेंट खाली पडलेलं. दाराची बिजागरी बोटानं दाबली तर पापडासारखी पापुद्रे सुटून हातात आली. तीस वर्षं एसटीचे चॅसी बघितलेत हो, पावसाचा गंज वेगळा अन मिठाचा गंज वेगळा, मिठाचा आतून खातो. शंभर वर्षांची चिरेबंदी भिंत तशीच उभी अन वीस वर्षांची स्लॅब संपली, हे बघून मला जुन्या गवंड्यांबद्दल लय आदर वाटला.

मग विहीर. घरात एक म्हातारी होती, मालकाची आत्या, तिनंच पोहऱ्यानं पाणी काढून दिलं. गोड होतं पाणी. मी विचारलं मोटार का नाही लावली, तर म्हणाली मोटार लावली की मे महिन्यात चहा नासतो. पोरगं इंजिनिअर, त्यानं परत येताना समजावलं की असल्या बेटावर पावसाचं गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, समुद्राच्या पातळीच्या वर 1 फूट गोडं पाणी असलं तर खाली साधारण 40 फूट गोडं, पण तेच वरून 1 फूट उपसलं की खालून खारं तितक्याच पटीत वर चढायला बघतं. म्हणजे आपल्याकडं बोअर हजार फूट नेऊन फुफाटा निघतो, तिथं चार फूट जास्त ओढलं तर मीठ. एजंट होमस्टे काढा म्हणत होता, चार खोल्या, चार बाथरूम, गिझर. अरे बाबा, पोहऱ्यावर चाललेल्या विहिरीवर चार शॉवर कसे चालणार.

कागदाचं थोडक्यात सांगतो. एजंटनं नमुना 8 चा उतारा दाखवला, ग्रामपंचायतीचा, पण तो घरपट्टीचा कागद, त्यानं मालकी सिद्ध होत नाही. प्रॉपर्टी कार्ड मागितलं तर त्यावर 11 नावं. आत्याचं पण नाव होतं. तिला विचारलं तर म्हणाली, "माझी सही कुनी मागलीच नाय." ती राहतेय त्या घराचा सौदा चाललाय अन तिलाच कोणी विचारलेलं नाही, आम्ही पाहुणे आलोय असं समजून तिनं आम्हाला सोलकढी दिली. त्या सोलकढीनं माझा निम्मा निर्णय झाला.

बाकी निम्मा सीआरझेडनं, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या बांधकामाच्या सरकारी नियमानं. 2019 च्या नियमात जमिनीजवळच्या बेटांवर भरतीच्या रेषेपासून 20 मीटर ना-विकास क्षेत्र आहे, त्यात आधीपासून अधिकृत असलेलं घर दुरुस्त करता येतं, परत बांधता पण येतं, पण आहे त्याच जोत्यावर, वाढवून नाही. मी पायरीपासून भरतीनं आणून टाकलेल्या कचऱ्यापर्यंत पावलं मोजली, नारळाची सोडणं, थर्माकोल, एक तुटकी चप्पल, तिथपर्यंत 14 पावलं भरली. खरी रेषा नकाशावरची धरतात हे मान्य, पण 14 पावलं म्हणजे काय ते समजायला मला नकाशा लागत नाही. मग ती मागची स्लॅबची खोली कुठल्या परवानगीनं झाली? एजंट फोनवर बोलायला बाहेर गेला तो लवकर आलाच नाही. टोकनचे 25 हजार बघायच्या आधीच घेतले होते त्यानं, ते अजून "प्रोसेस"मध्ये आहेत, माझीच चूक, औशातून फोनवर पाठवले.

साहेब, माझी तक्रार घराबद्दल नाही, घर चांगलं आहे, योग्य माणसाला मिळालं तर अजून शंभर वर्षं उभं राहील. तक्रार जाहिरातीबद्दल आहे. तुम्ही शब्दावर पैसे घेता, मग "स्वर्ग" अन "त्वरा करा" काढून त्याच पैशात कामाचं छापायला लावा ना. महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळालेले, रिटायर झालेले आमच्याकडचे लोक समुद्राचा फोटो बघून निघतात, त्यांना पाणी किती महिने गोड एवढं आधी कळलं तरी निम्म्यांचं भाडं वाचेल. मला द्यायची असती तर मी अशी दिली असती:

विकणे आहे. बेटावर जांभ्याचं जुनं घर, पुढं समुद्र, मागं विहीर. पाणी एप्रिलपर्यंत गोड, मोटार लावू नये. निम्मी कौलं, निम्मा पत्रा. मागची खोली पाडावी लागेल. होडी भरती बघून. कागदावर 11 नावं, सगळ्या सह्या झालेल्या नाहीत. घरात आत्या राहते, आधी तिला भेटा.

आपला,
एक जुना वाचक, औसा, जि. लातूर