मैदान आखून देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय मैदानी स्पर्धेची तयारी करणारी आपल्याकडची पोरं वर्षभर पळतात ती काळ्या मातीवर, फक्कीच्या रेघांमधून. रेघ खरी असेल तरच घड्याळातली वेळ खरी. निवृत्तीनंतरही एक पैसा न घेता तुम्ही हे मैदान आखून दिलंत, त्याबद्दल आम्ही सगळे मनापासून तुमचे आभारी आहोत.

सिंथेटिक ट्रॅकला आतून उंच कडा असते, म्हणून पहिल्या लेनचं अंतर कडेपासून 30 सेंमी बाहेर मोजतात. आपल्याकडे नुसती रेघ, तिथं मोजणी 20 सेंमीवर होते. तरीही सिंथेटिकची 36.50 मीटरची वळणाची त्रिज्या तशीच उचलली, की फेरी 63 सेंमीनं आखूड पडते. 400 मीटरला ते किरकोळ वाटेल, पण 10000 मीटरच्या 25 फेऱ्यांत जवळपास 16 मीटर कमी पळणं होतं. मग राष्ट्रीय स्पर्धेत वेळ वाढली की खापर पोराच्या तयारीवर फुटतं. तुम्ही त्रिज्या 36.60 धरलीत. दोन वळणांमधल्या चौकोनाची सरळ बाजू 84.39 मीटर, रुंदी 73.20, आणि दोन्ही कर्ण 111.71 येईपर्यंत एकही खुंटी पक्की होऊ दिली नाहीत. 400 मीटरला दुसऱ्या लेनचा स्टॅगर, म्हणजे बाहेरच्या लेनला सुरुवातीला पुढे दिलेलं अंतर, इथं 7.04 मीटर नव्हे, 7.67, हेही तुम्ही प्रत्येकाकडून गणित करवून पटवलंत.

आपली जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, खुंट्या जागा सोडतात. म्हणून दोन्ही वळणांच्या केंद्रांवर कमरेएवढे खड्डे घेऊन सिमेंटात लोखंडी गज रोवायला लावलेत. कापडी टेप ताणला की लांबतो, म्हणून स्टीलचाच. तोही भल्या सकाळी, कारण 20 अंशाला बरोबर असलेला स्टीलचा टेप 40 अंशाला 100 मीटरमागे दोन सेंमीहून जास्त वाढतो.

अडथळ्याचं तर विशेष सांगायला हवं. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीचं, रौप्य जिंकलं, तेव्हापासून आमच्याही पोरांना या शर्यतीची ओढ लागली. पण साध्या हर्डलवर सराव केलेल्या मुलाचा पाय खऱ्या अडथळ्यावर आदळतो, कारण हर्डल धक्क्यानं पडतं, हा अडथळा पडत नाही. तुम्ही वेल्डरजवळ बसून 91.4 सेंमी उंच, वर 12.7 सेंमीची चौकोनी तुळई असलेला, 80 किलोच्या पुढचा अडथळा बनवून घेतलात. त्यावर पाय टेकवून उडी घेताना पोरांची भीती मोडली. एवढं एक काम केलं असतंत तरी पुरे होतं.

स्पर्धेला जाण्याआधी बॅगा तपासून बुटांचे मातीवरचे लांब खिळे काढायला लावलेत: सिंथेटिकवर 9 मिमी, उंच उडी आणि भालाफेकीला 12. रिलेवाल्यांना कधी पळायला सुरुवात करायची त्याची खूण म्हणून टाचेनं रेघ मारायची सवय. तिथं 5 बाय 40 सेंमीची एकच चिकटपट्टी चालते, हे तुम्ही सरावातच अंगवळणी पाडलंत.

पावसाळा सरला की कर्ण पुन्हा मोजायचे आहेत. टेप, सुतळी, फक्की आम्ही आणून ठेवतो. तुम्ही फक्त या.

आपले,
मैदानावरचे सर्व प्रशिक्षक आणि पालक
परभणी