कथिलाचा आवाज ऐकवणाऱ्या चाचांना

चाचा, सलाम.

तुमचा नातू मोबाइल वापरतो असं तुम्ही म्हणाला होतात. हे त्याने तुम्हाला वाचून दाखवावं म्हणून इथे लिहितेय.

परवा रात्री चिंचगुळाची आमटी उरली आणि दमले होते म्हणून तुम्ही कल्हई केलेल्या पितळेच्या पातेल्यातच राहून गेली. सकाळी आठवलं तेव्हा छातीत धस्स झालं. झाकण काढलं, बोट बुडवून चव पाहिली. आमटी जशीच्या तशी. कळकली नव्हती. मी ओट्यापाशीच उभी राहून रडले चाचा. आमटीसाठी कोणी रडत नाही, पण त्या पातेल्यापायी आमच्या घरात काय झालं होतं ते तुम्हाला मी त्या दिवशी अर्धंच सांगितलं होतं.

ती भांडी माझ्या सासूबाईंची. त्यांच्या लग्नात आलेली, काठाखाली नाव आणि 1961 साल कोरलेलं. त्या गेल्यावर माळ्यावरून काढली आणि ठरवलं की आता स्वयंपाकघरात नवीन काही आणायचं नाही, हीच वापरायची. दर दोनतीन वर्षांनी नॉनस्टिकचा तवा नाहीतर कढई कचऱ्यात टाकायची, पुन्हा दुसरी आणायची, याचा मला वीट आला होता. थर उडाला की त्या भांड्याचं पुढे काहीच होत नाही. पितळेचं तसं नाही. आतली कथलाची कल्हई झिजली की नवी करायची, भांडं तेच.

पण ती कल्हई करून देणारा माणूस मिळेना. पहिल्या दुकानदाराने भांडी तराजूकडे नेली, मोडीचा भाव सांगितला आणि स्टीलचा सेट दाखवायला लागला. माझ्या हातात सासूबाईंचं नाव होतं, त्याला किलो दिसत होते. दुसऱ्याने पैसे घेतले आणि आठ दिवसांनी भांडी अगदी आरशासारखी चकचकीत करून दिली. चार दिवसांत फडक्याला काळं लागायला लागलं, तळाशी पिवळे डाग दिसायला लागले. माझ्या ते लक्षात आलं नाही. त्या रात्रीची आमटी उघड्या पितळेला लागून कळकली, ती खाऊन घरातल्या चौघांनाही उलट्या झाल्या. धाकटी सात वर्षांची आहे. पहाटे तीन वाजता तिचं डोकं मांडीवर धरून बसले होते तेव्हा मला सासूबाईंचाच राग आला होता, हे मला आज लिहायला हवं. दुकानात गेले तर म्हणाले, "तुम्ही घासणीने घासलं असणार." घासलं नव्हतं. त्या कथलात शिसं होतं का, हे मी सांगू शकत नाही. त्यांनीही सांगितलं नाही. मी विचारलं तर "आमचं सगळं प्युअर असतं" एवढंच.

शेवटचा प्रयत्न म्हणून पुण्याच्या कसब्यात तांबट आळीत गेले. पेशवाईपासून तिथे तांब्यावर हातोडीचे ठोके पडतायत. तिथल्या एका कारागिराने हातातलं काम थांबवून मला तुमच्याकडे कसं यायचं ते समजावलं. त्यांचेही आभार.

तुम्ही भट्टी पेटवलीत, नवसागराचा पांढरा धूर उठला, गल्लीतली पोरं जमली, हे सगळं मला आठवतंय. पण मी रोज आठवते ती त्याच्या आधीची गोष्ट. तुम्हाला माझ्या तोंडावरचा अविश्वास दिसला असावा. मी काही बोलले नव्हते. तुम्ही डब्यातून कथलाची कांडी काढलीत, माझ्या कानाजवळ आणलीत आणि म्हणालात, "ऐक बेटा." आणि हळूच वाकवलीत. आतून कुरकुर असा बारीक आवाज आला, कोरडी काटकी मोडावी तसा. मग डब्याच्या तळातून दुसरी कांडी काढलीत, कोणीतरी तुम्हाला फसवून विकलेली, आणि तीही वाकवलीत. ती मुकी. "शिसं मिसळलं की बोलत नाही. आता तुला कोणी फसवणार नाही."

चाचा, गिऱ्हाइकाला कळत नाही यावर कितीतरी लोकांचं पोट चालतं. तुम्ही पहिल्या भेटीत, एक पैसा हातात पडायच्या आधी, मला ते कळायची खूण देऊन टाकलीत. तुमच्याकडून पुन्हा काम करून घेईन की नाही याचा विचारही केला नाहीत. उद्या मी दुसऱ्या कोणाकडे गेले तरी फसू नये, एवढंच तुमच्या मनात होतं. माणूस चांगला असतो म्हणजे काय, हे मला मुलींना सांगायचं असलं की मी आता कांडीची गोष्ट सांगते.

परात आणि कळशी तुम्ही तशीच परत केलीत. "कणकेला आणि पाण्याला कल्हई कशाला? चिंचेने घासून ठेव." त्यांचे पैसे घ्यायचा प्रश्नच आला नाही. आणि निघताना बजावलंत की रिकामं पातेलं गॅसवर ठेवायचं नाही, फोडणी लोखंडी कढल्यात करून वरून ओतायची, घासायला राख नाहीतर मऊ काथ्या. कथील 232 अंशांनाच वितळतं हे मी नंतर वाचलं, तेव्हा तुमचं बोलणं नीट उमगलं. रिकामं भांडं गॅसवर तेवढं सहज तापतं. पण तुम्ही सांगितलंत म्हणून मी ते आधीपासूनच पाळत होते.

घरात आता भांडी कमी आहेत. दोन पातेली, परात, कळशी, लोखंडी तवा, कढई आणि कढलं. मांडणी अर्धी रिकामी झालीय. मुलींचा बाबा भांडी घासायला उभा राहतो तेव्हा आधी पातेल्याच्या तळात बघतो, पिवळं दिसतंय का. अजून नाही दिसलं.

धाकटीने आमटी खायची सोडली होती. तुमच्या कल्हईनंतरही आठवडाभर ती पातेल्याकडे बघून फक्त भात मागायची. मग मी तिला कांडीची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, "चाचांनी ऐकलं ना नक्की?" मी म्हटलं, मीही ऐकलं. तेव्हा जेवली.

तिला तो आवाज स्वतः ऐकायचाय. आईकडचं एक पातेलं आणि शेजारच्या काकूंचा टोप दिवाळीआधी घेऊन येतेय, तिलाही बरोबर आणीन. ती बोलणारी कांडी थोडी शिल्लक ठेवा.

तुमची,
1961 च्या पातेल्यावाली