‘नाही’ म्हणणारी खानावळ

चि. पल्लवी हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की मालवणात बँकेत रुजू झाल्यापासून दुपारचं जेवण त्या एकाच एसी हॉटेलात होतं आणि बहुतेक वेळा पनीरच मागवतेस. मला त्यावर बरंच बोलायचं होतं, पण तुझ्या आईने फोन घेतला आणि विषय गॅस सिलिंडरवर गेला. म्हणून हे पत्र.

आधी पनीरचं बघ. ते घाट उतरून, कुठल्यातरी गाडीतून, कुठल्यातरी फ्रीजमधून तुझ्या ताटात येतं. बांगडा तुझ्या बँकेपासून चालत जाता येईल अशा किनाऱ्यावर उतरतो. स्वच्छतेचा विचार करून तू पनीर निवडलंस, पण दोन्हीत ताजं काय, हा हिशोब तूच कर. आकडेमोड तुझ्या खात्यात येते.

तुला भीती का वाटते ते मला ठाऊक आहे. आपण तासगावकडची माणसं. मटण म्हटलं की डोळे झाकून बसू, पण मासा म्हटलं की आधी वास आठवतो. माझी सगळी नोकरी कोकणातल्या डेपोंमध्ये कंडक्टर म्हणून गेली, आणि वस्तीची गाडी घेऊन गावात मुक्काम पडला की तिथल्या घरात जे शिजलं असेल ते खायचं, दुसरा मार्गच नव्हता. एका गावात आजी आम्हाला उकड्या तांदळाची पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा द्यायच्या. ड्रायव्हर वेंगुर्ल्याचा, तो ते सणासारखं जेवायचा. मी आधी नुसती पेज प्यायचो. पुढे बांगड्यासाठी आम्हा दोघांत वाटे पडायला लागले.

तर खानावळ कशी ओळखायची. पाटीवर जाऊ नकोस. ‘अस्सल मालवणी’ ही पाटी आता महामार्गावर जागोजागी दिसते. मेनूकार्ड लांबलचक असेल आणि त्यातलं सगळं बाराही महिने मिळत असेल, तर ते डीप फ्रीजचं कार्ड समज. आत जा, बसायच्या आधी विचार, ‘आज ताजं काय आहे?’ समोरून उत्तर आलं, ‘सुरमय नाय आज, बांगडे ताजे आसत,’ की तिथे बिनधास्त बस. जो नाही म्हणतो तो सकाळी स्वतः बाजारात जाऊन आलेला असतो. सगळ्याला हो म्हणणाऱ्याकडून फक्त सोडा बाटली घ्यावी.

आणि उशिरा जाऊ नकोस. घरगुती खानावळीत बाई मोजकं शिजवते. अडीच वाजता गेलीस तर कालवण संपलेलं असणार, त्याचा राग मानायचा नाही. खेकडे किंवा वडे-कोंबडी हवी असेल तर सकाळीच फोन करून सांगायचं. सुरमई-पापलेटचा भाव बाजाराप्रमाणे रोज बदलतो. आधी विचारायला लाजू नकोस, तिथले लोकही विचारतात.

एखाद्या रविवारी सकाळी लवकर उठून किनाऱ्यावर रापण बघून ये. समुद्रात अर्धगोल टाकलेलं लांब जाळं दोन्ही टोकांनी माणसं ओढत काठावर आणतात. त्यात मोठी सुरमई नशिबाने येते, बाकी बांगडे, तारली, पेडवे आणि मला आजही नावं न येणारी बारीक मासळी. मग वाटे पडतात. हीच बारीक मासळी खानावळीतल्या साध्या ताटात येते, आणि साधं ताटच मागव. पापलेट मुंबईतही मिळतं. पेडव्यांना काटे फार असतात, म्हणून सुरुवात बांगड्याने कर, त्याचा मधला काटा सरळ निघतो. काटा घशात अडकलाच तर लोक सुक्या भाताचा गोळा गिळायला सांगतील. तसं करू नकोस, डॉक्टरकडे जा.

आता आमटी, कारण खरी परीक्षा तिथे होते. आपल्याकडे रस्सा एकच, कांदा-लसूण मसाल्याचा, त्यात मटण टाका नाहीतर अंडी. मालवणात तसं नाही. कोंबडी-मटणाला कांदा-खोबरं खरपूस भाजून वाटप करतात. माशाला बहुतेक घरांत ओल्या नारळाचं कच्चं वाटप, त्यात मिरची, धणे, हळद, आंबटाला आमसुलं. रंग शेंदरी येतो आणि वर तेलाचा तवंग नसतो. माशाची आमटी काळपट तपकिरी, वर बोटभर तेल, अशी समोर आली तर समज की कोंबडीच्या रश्शात मासा बुडवून आणलाय. खा, पण पुन्हा जाऊ नकोस.

बांगड्याच्या आमटीत मिऱ्याहून मोठं, उकललेलं तपकिरी फळ दिसेल. ते तिरफळ. ते चावून खायचं नसतं, बाजूला काढायचं. आतली काळी बी आधीच टाकून दिलेली असते, सालाचाच वास आमटीत उतरवतात. चिनी जेवणात जी सेचवान मिरी वापरतात, तिचाच हा भाऊबंद. चावलं तर जीभ मिरमिरते, थोडी बधिर होते, घाबरू नकोस.

पण एक मिरमिरणं वेगळं, ते नीट वाच. बांगडा, तारली, गेदर (म्हणजे ट्यूना) हे मासे उन्हात, बर्फाशिवाय पडून राहिले की त्यांत हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं, आणि ते कितीही शिजवलं-तळलं तरी जात नाही. तळलेल्या तुकडीत तिरफळ नसतानाही जीभ-ओठ चुरचुरले तर तो घास तिथेच थांबव. पुढे चेहरा लाल झाला, अंगाला खाज सुटली, तर दवाखाना गाठ. मोरीचं, म्हणजे शार्कचं, मटण मालवणात आवडीने खातात. त्याला अमोनियासारखा उग्र वास आला तर मोरी शिळी आहे. तिच्या अंगात युरिया असतो, मेल्यावर त्याचाच अमोनिया होतो. तिसऱ्यांमध्ये जी शिंपी शिजूनही उघडली नाही ती ताटाच्या कडेला ठेव, जबरदस्तीने उकलू नकोस. खेकडे आणि तिसऱ्या पहिल्यांदा थोड्याच खा, कवचाचं काहींना सोसत नाही. आपल्या घरात कुणी खाल्लेलंच नाही, तेव्हा तुझं काय होईल ते आधी सांगता येणार नाही.

एवढं वाचून तू पुन्हा पनीरकडे वळशील, म्हणून शाकाहाराचं सांगतो. सोमवारी तिथल्या कितीतरी घरांत मासे शिजत नाहीत. त्या दिवशी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे किंवा आंबोळी विचार. माझं प्रामाणिक मत असं की हे सांबारं मालवणच्या कित्येक मांसाहारी ताटांच्या वरचढ आहे, पण तिथे मोठ्याने बोलू नकोस. अजून ओले काजूगर संपले नसतील तर त्यांची उसळ खाऊन घे, मे उजाडला की मिळणार नाही. सकाळी बँकेत जाताना एसटी स्टँडच्या आसपास घावणे-चटणी मिळते का बघ. शिरवाळे कुणी करत असेल तर अवश्य खा: तांदळाच्या उकडीच्या शेवया, नारळाच्या गोड रसात. सोलकढी तुला ठाऊकच आहे, पण उन्हाळ्यात तिवळ माग, त्यात नारळाचं दूध नसतं, नुसतं आमसुलाचं पाणी, अंगाला हलकं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना समुद्र बंद असतो. माशांच्या विणीचा काळ, शिवाय वादळाचा. त्या दोन महिन्यांत कुणी ‘ताजी सुरमई’ म्हणाला तर हसून पुढे जा. तेव्हा खाडीतलं काही मिळालं तर बघ, नाहीतर सुकट, सोडे (सोललेली सुकी कोलंबी), सुके बोंबील. सुक्या मासळीचा वास मात्र तुला पहिल्या दिवशी सोसणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. पहिल्या पावसानंतर टाकळ्याची भाजी येते, रानात उगवणारी. ती कुठल्या मेनूकार्डावर नसते. खानावळवाल्या मावशींशी तोवर ओळख झाली असेल तर त्या स्वतःसाठी केलेली वाटीभर देतील. ओळख व्हायची असेल तर ताट संपवून, ‘मावशी, ह्याच्यात काय घातलंत?’ एवढं विचारायचं. माझं कोकणातलं निम्मं स्वयंपाकाचं ज्ञान ह्याच एका प्रश्नावर जमलेलं आहे.

आईने कांदा-लसूण मसाल्याची बरणी भरून ठेवली आहे, पुढच्या आठवड्यात पाठवतो. घरी अंड्याला वापर, खानावळीत पिशवीतून नेऊ नकोस. सुट्टीला येताना आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, एक बाटली आण, आणि मोह होऊन सोडे घेतलेसच तर दोन पिशव्यांत बांधून वर रबर लाव. गाडीत बाकीचेही प्रवासी असतात, आणि कंडक्टरला बोलणी खावी लागतात.

तुझे,
अण्णा