उतारांची सरक मोजा

पावसाळा तोंडावर आला की घाटकोपर, विक्रोळी, भांडुपच्या डोंगरउतारांवरील घरांना ‘धोकादायक जागा, स्थलांतर करावे’ अशा नोटिसा लागतात. कुठे जायचे, हे काही त्यात नसते. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात दरडीखाली साठहून अधिक माणसे गेली, २०२१ मध्ये चेंबूरला पुन्हा तेच.

सगळ्याच दरडी एका रात्रीत सुटत नाहीत. काही उतार महिनोन्महिने कणाकणाने सरकतात. भिंतीला तिरकी भेग जाते, दार चौकटीत अडकू लागते. अशा उतारावर उपग्रह स्थाननिश्चितीचा एक अँटेना आणि जवळच्या पक्क्या खडकावर दुसरा ठेवून नोंदींची तुलना केली, तर काही मिलिमीटरची सरकही कळते. (मोबाइलचा जीपीएस काही मीटर चुकतो, त्यावरून अंदाज बांधू नये.) घरांच्या पत्र्यांवरून उपग्रहांच्या लहरी परावर्तित होऊन नोंदी बिघडतात, म्हणून जागा पारखून घ्यावी लागेल. मुसळधार पावसात एकाएकी कोसळणाऱ्या दरडीपुढे हे यंत्र अपुरेच; तिथे पर्जन्यमापक आणि खरे तर पुनर्वसनच हवे. पण संरक्षक भिंतींवर खर्च होतोच आहे, तर त्यांच्यामागच्या उतारांवर हे अँटेना बसवावेत आणि आकडे रहिवाशांनाही कळवावेत.

– एक वाचक, घाटकोपर (पश्चिम)