सरासरीत विरघळलेले चाळीस सेकंद

माननीय संपादक,

साठवायला जागा पुरत नाही म्हणून सेन्सरच्या नोंदींची तासातासाची सरासरी तेवढी ठेवायची आणि मूळ रीडिंग पुसून टाकायची, हा प्रकार मी बावीस वर्षे इन्स्ट्रुमेंट विभागात पाहते आहे. तो थांबावा म्हणून हे पत्र.

आमच्या एका पंपाचे बेअरिंग भर रात्री गेले. आधी एकही अलार्म वाजला नव्हता. नशिबाने त्या पंपाच्या कंपनाची दर सेकंदाची वर्षभराची रीडिंग एका सहकाऱ्याने जपून ठेवली होती. वर्षाची रीडिंग 3,15,36,000. पुन्हा पुन्हा येणारा आकार शोधायला या नोंदींचा प्रत्येक छोटा तुकडा बाकीच्या सगळ्या तुकड्यांशी ताडायचा, तर जोड्या होतात सुमारे 497 लाख कोटी! 2016 मध्ये मांडल्या गेलेल्या ‘मॅट्रिक्स प्रोफाइल’ या पद्धतीने हे काम आवाक्यात आणले. एका तुकड्यासाठी केलेला हिशेब ती शेजारच्या तुकड्यासाठी पुन्हा वापरते.

पहिल्या झटक्यात हाती लागले ते बिनकामाचे: पंप सुरू होतानाचे चढ आणि वायर सुटलेली असतानाच्या सपाट रेषा. त्या एकमेकींशी जुळणारच. हे बाजूला काढायला यंत्र ओळखणारा माणूसच लागतो. मग दिसला तो आकार. एक छोटी उसळी, लगोलग दोन खाचा, आणि हळूहळू बसत जाणारी रेघ. सगळे मिळून चाळीस सेकंद. बंद पडण्याआधीच्या पाच आठवड्यांत तो नऊ वेळा आला होता, दर वेळी आधीपेक्षा लवकर. अलार्मची मर्यादा त्याने एकदाही ओलांडली नव्हती.

शेजारच्या पंपाचे काय, म्हणून बघायला गेलो, तर तिथे फक्त तासाच्या सरासऱ्या. 3,600 रीडिंगचा एक आकडा. त्यात चाळीस सेकंद कुठे शोधणार?

1967 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जोसेलिन बेल यांना रेडिओ दुर्बिणीच्या कागदी आलेखावर एक बारीकशी खरवड दिसली. आकाशाच्या त्याच भागातून असेच काही आधी आल्याचे त्यांना आठवले. पण कागद जास्त वेगाने सोडला, तेव्हाच त्या खरवडीतले 1.33 सेकंदांच्या अंतराने येणारे ठोके सुटे दिसले आणि पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ ठोके देणारा फिरता तारा, सापडला. जुने कागद फेकून दिले असते तर?

माझी मागणी एवढीच: मूळ रीडिंग निदान दोन वर्षे ठेवा, आणि त्यांच्याच शेजारी दुरुस्तीची वही, तारीख-वेळेसह.

– एक इन्स्ट्रुमेंट तंत्रज्ञ